खळ, साखर आणि प्रोफेसर गज्जर

बडोद्याच्या जुन्या शहराला चार दिशांना चार दरवाजे. पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट आणि पश्चिमेला लहरीपुरा. लहरीपुरा दरवाज्यातून बाहेर आलं की न्यायमंदिराची इमारत लागते, मग सुरसागर तलाव, आणि तसंच पुढे चालत गेलं की कलाभवन. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनीअरिंग शाखा आहे. मुलं बाईकवर बसून चहा पितात आणि सबमिशनच्या गप्पा मारतात. पण हे कलाभवन 1890 साली ज्यांच्या डोक्यातून निघालं, त्या माणसाचं नाव मी दोन-चार मुलांना विचारलं तर नीट सांगता आलं नाही. ते नाव म्हणजे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर.

मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात एका गुजराती रसायनशास्त्रज्ञाचं चरित्र कशाला, असं तुम्ही विचाराल. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मीही स्वतःला विचारलं. त्याचं उत्तर या लेखातच आहे. थोडक्यात सांगायचं तर, आपण मंडळाच्या बैठकीत ज्या प्रश्नावर तावातावाने भांडतो (विज्ञान आपल्या भाषेत शिकवता येतं का?) तो प्रश्न गज्जरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी भांडणाऐवजी कामाने सोडवायला घेतला होता. आणि त्यांचं काम कळायचं असेल तर आधी एक साधी गोष्ट कळावी लागते. पिठाची साखर कशी होते, ही.

सुरतेचा मुलगा, बडोद्याचा प्रोफेसर

गज्जरांचा जन्म 1863 सालचा, सुरतेतला. घरचा धंदा सुतारकामाचा आणि बांधकामाचा. वडील कल्याणदास शिल्पशास्त्राचे जाणकार. म्हणजे लाकूड, करवत, पटाशी, माप हे सगळं या मुलाने पुस्तकाच्या आधी पाहिलं. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावात एका शेतकरी घरात दुसरा एक मुलगा जन्मला. तो बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. एकाच वयाची ही दोन माणसं पुढे एकाच शहरात भेटणार होती.

गज्जर मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि 1886 च्या सुमारास बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रोफेसर म्हणून आले. वय जेमतेम तेवीस. त्या काळी रसायनशास्त्र शिकलेल्या हिंदी तरुणापुढे दोनच वाटा असत, मास्तरकी नाहीतर सरकारी नोकरी. शिकलेलं रसायन बाजारात, कारखान्यात, रंगाऱ्याच्या हौदात उतरवायचं, हे कोणी फारसं मनावर घेत नसे. सुताराच्या घरातून आलेल्या माणसाला मात्र हाताला न लागणारं ज्ञान अपुरं वाटलं असणार. हा माझा अंदाज आहे, पण त्यांचं सगळं आयुष्य त्याच दिशेने गेलेलं दिसतं.

सयाजीरावांनाही हेच हवं होतं. 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणणारा हा राजा. शाळेनंतर पोरांनी करायचं काय, याचीही त्याला काळजी होती. गज्जरांनी धंदेशिक्षणाची योजना मांडली, राजाने पाठबळ दिलं आणि जून 1890 मध्ये कलाभवन सुरू झालं. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला, इमारतबांधणी असे विषय. आपल्या ओळखीचं एक नाव इथे सांगितलंच पाहिजे. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर याच कलाभवनात शिकायला आले होते. दादासाहेब फाळके आपल्याला सिनेमामुळे माहीत असतात, पण कॅमेरा आणि फोटोच्या रसायनांशी त्यांची गट्टी जमली ती बडोद्यात.

रंगाच्या आधी खळ

गज्जर मुख्यतः ओळखले जात ते रंगांसाठी. काळच तसा होता. आपल्याकडे कापड रंगवायचं ते झाडाच्या मुळांनी, सालींनी, पानांनी. लाल रंगाला मंजिष्ठा आणि आल या दोन झाडांची मुळं वापरत. 1869 मध्ये जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला. 1897 मध्ये नीळही कारखान्यातून बाजारात आली. मुळं खणणारे, नीळ पिकवणारे, पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवणारे यांच्या पोटावर पाय आला. गज्जरांनी हे नवे रंग हाकलून लावा असं सांगत बसण्याऐवजी आपल्या रंगाऱ्यांना ते वापरायला शिकवलं. डब्यावरची जर्मन किंवा इंग्रजी चिठ्ठी ज्याला वाचता येत नाही, त्याला रंगाचं रसायन गुजरातीत समजावून द्यायचं, हे कलाभवनाचं रोजचं काम.

पण कापड रंगवण्याच्या आधी एक काम असतं आणि इथेच आपला स्टार्च येतो. मागावर ताणा चढवण्याआधी त्या सुताला खळ लावतात. खळ म्हणजे शिजवलेल्या पिठाची पातळ लापशी. आपल्याकडे तांदळाची, मक्याची. गिरण्यांमध्ये बटाट्याच्या स्टार्चची आणि टॅपिओकाची, म्हणजे ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याच्या पिठाचीही. खळीमुळे सूत ताठ होतं, घासून तुटत नाही. विणून झालं की तीच खळ अडचण होऊन बसते. ती धाग्याभोवती कवचासारखी असते. रंग आत शिरत नाही, शिरला तर डाग-डाग पडतात. म्हणून रंगाऱ्याचं पहिलं काम खळ काढणं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझी आत्या बडोद्यात राहते. तिचे सासरे रेल्वेच्या नोकरीसाठी वसईहून तिकडे गेले आणि कुटुंब तिथलंच झालं. तिचं मराठी आता अर्धं गुजराती आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिने चर्चच्या क्वायरसाठी लहरीपुऱ्यातल्या एका दुकानातून कोऱ्या मांजरपाटाचा अख्खा तागा आणला. मुलांचे झगे जांभळे रंगवायचे होते, उपवासकाळासाठी. दुकानदाराने बजावलं होतं की रातभर पलाळजो, म्हणजे रात्रभर भिजत घाला. आत्याने ते कोमट पाण्याच्या टपात बुडवलं. सकाळी पाण्याला जरा आंबूस वास येत होता आणि बोटांना ते बुळबुळीत लागत होतं.

घरात टिंक्चर आयोडीनची बाटली होती. अकरावीच्या प्रॅक्टिकलची आठवण झाली म्हणून मी न भिजवलेल्या तुकड्यावर एक थेंब टाकला. लगेच निळा-काळा डाग. मग भिजवून, दोनदा पिळून, खळबळून वाळवलेल्या तुकड्यावर टाकला. तिथे डाग फिकट, जांभळट आला. आत्याला मी म्हटलं की निळा म्हणजे पीठ अजून अखंड आहे, आणि जांभळट म्हणजे ते तुटायला लागलंय. ती म्हणाली, तोडलं कोणी? मी तर फक्त पाणी ओतलं.

प्रश्न बरोबर होता. पाण्याने पीठ तुटत नाही. कोमट पाण्यात रात्रभर वाढलेल्या सूक्ष्मजंतूंनी ते तोडलं. अजून नेमकं सांगायचं तर, त्या जंतूंनी बाहेर सोडलेल्या एन्झाइमांनी. युरोपातल्या जुन्या रंगाऱ्यांचीही हीच पद्धत होती, कापड ओलं करून कुजवत ठेवायची. पण त्यात वेळ जातो, आणि अंदाज चुकला तर खळीबरोबर कापडही सडतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा अर्क वापरायला सुरुवात झाली आणि हे काम तासांवर आलं. ज्या काळात गज्जर बडोद्यात रंगकाम शिकवत होते, त्याच काळातली ही गोष्ट.

कुलूप आणि किल्ली

आता पिठाची साखर कशी होते ते बघू. स्टार्च म्हणजे ग्लुकोज साखरेच्या हजारो कड्यांची लांबच लांब साखळी. काही साखळ्या सरळ, काही फांद्या फुटलेल्या. रताळं, बटाटा, कसावा, सुरण, सगळे कंद आपली शिल्लक याच रूपात जमिनीखाली जपून ठेवतात. साखर साखळीत बांधलेली असल्यामुळे कच्चं पीठ जिभेला गोड लागत नाही. किण्वाला, म्हणजे यीस्टलाही ती खाता येत नाही. यीस्टला सुटी साखर लागते. ती मिळाली तरच ते तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. पिठाच्या ढिगावर नुसतं यीस्ट टाकून बसलात तर हाती काही लागत नाही.

साखळी तोडणारं जे असतं ते एन्झाइम. शाळेच्या मराठी पुस्तकात त्याला विकर म्हणतात. 1833 मध्ये पॅरिसमध्ये आन्सेल्म पायेन आणि पेर्सो या दोघांनी माल्टच्या अर्कात अल्कोहोल ओतून एक पांढरा साका वेगळा काढला. त्याची चिमूटभर पूड स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पीठ पातळ करून गोड करत होती, आणि काम करताना स्वतः खर्ची पडत नव्हती. त्याला त्यांनी डायस्टेज असं नाव दिलं. आज आपण अमायलेज, लायपेज म्हणतो, त्यातला शेवटचा एज त्या नावावरून आलेला.

आज कारखान्यात कंदाची साखर करायची पद्धत तीन पायऱ्यांची आहे. आधी कंद किसून पाण्यात शिजवतात. त्यामुळे स्टार्चचे दाणे फुगून उलतात आणि घट्ट चिकी तयार होते. मग अल्फा अमायलेज घालतात. ते साखळीला मधेच कुठेही कात्री लावतं आणि घट्ट चिकी बघता बघता पाण्यासारखी पातळ होते. नंतर साधारण 60 अंश तापमानाला, थोड्या आंबट द्रावणात, ग्लुकोअमायलेज घालतात. ते तुकड्यांच्या टोकापासून एकेक ग्लुकोज सुटा करतं. एक बुरशी या एन्झाइमचा मोठा पुरवठा करते, ॲस्परजिलस नायजर. शेवटी गार करून यीस्ट घालायचं. हिशेबाने 100 किलो स्टार्चचं जास्तीत जास्त 111 किलो ग्लुकोज होतं, कारण प्रत्येक कडी तुटताना पाणी आत घेतलं जातं. त्यातून साधारण 57 किलो, म्हणजे 72 लिटरच्या आसपास अल्कोहोल. प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं.

हे सगळं कठीण वाटत असेल तर रताळं आठवा. आमच्याकडे वसईला थंडीत चुलीच्या निखाऱ्यात रताळी पुरून ठेवतात. हळूहळू भाजलेलं रताळं गुळासारखं लागतं आणि मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत उकडलेलं तेच रताळं सपक लागतं. रताळ्यात स्वतःचं एन्झाइम असतं, बीटा अमायलेज. आतला गर साधारण 60 ते 75 अंशांच्या मधे असतो तेव्हा ते जोरात काम करतं आणि पिठाची माल्टोज नावाची साखर करतं. निखाऱ्यात हा टप्पा लांबतो म्हणून गोडी वाढते. मायक्रोवेव्हमध्ये तो भर्रकन निघून जातो आणि एन्झाइम उष्णतेने निकामी होतं. आजीला हे नाव माहीत नव्हतं, वेळ माहीत होती.

कुलूपबंद ज्ञान

मला गज्जरांचं कलाभवन याच रूपात समजतं. जर्मनीत, इंग्लंडात ज्ञानाचा साठा भरपूर होता. पण सुरतेच्या रंगाऱ्याच्या मुलाला तो कच्च्या पिठासारखा होता. समोर पडलेला, पौष्टिक, पण पचणार नाही असा. इंग्रजीची लांब साखळी तोडून त्याच्या भाषेतले सुटे तुकडे करून दिले, तरच त्याच्या हातात त्याचं काही होणार होतं. म्हणून कलाभवनात शिकवणं गुजरातीतून ठेवलं गेलं. नुसतं तोंडी शिकवून भागेना, पुस्तकं हवी होती. गज्जरांनी ज्ञानमंजूषा नावाची ग्रंथमाला उभी केली आणि त्यासाठी सयाजीरावांनी 50,000 रुपये मंजूर केले. त्या काळातले पन्नास हजार!

पुस्तक लिहायला बसलं की पहिली अडचण शब्दांची. ज्या गोष्टीला आपल्या भाषेत नावच नाही, ती शिकवायची कशी? गज्जर पारिभाषिक शब्दांच्या मागे लागले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदीत वैज्ञानिक शब्दकोश करायला घेतला, तेव्हा रसायनाच्या शब्दांसाठी मुंबईहून त्यांनाही त्या कामात घेतलं गेलं. हा कोश 1906 मध्ये निघाला. एक गुजराती माणूस हिंदी कोशासाठी शब्द तपासतोय, मराठी राजा गुजराती पुस्तकांना पैसा देतोय. तेव्हाच्या लोकांना भाषांच्या भिंती आपल्याइतक्या उंच वाटत नसाव्यात.

मी दोन भाषांत वाढले. इंग्रजी माध्यमाची शाळा, घरी मराठी. एन्झाइम हा शब्द मला विकरच्या आधी कळला. आत्याला समजावताना मात्र दोन्ही शब्द उपयोगी पडले नाहीत. मी दह्याचं विरजण सांगितलं, मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व सांगितलं, भात बराच वेळ चावला की गोड का लागतो ते सांगितलं. तेव्हा कुठे तिची मान हलली. म्हणजे परिभाषा हवीच, पण तिच्या आधी हे घरचे शब्द हवेत. विरजण आणि विकर वेगळे आहेत हेही सांगावं लागतं, कारण विरजणात जिवंत जंतू असतात आणि विकर हा निर्जीव पदार्थ. पण हा फरक सांगायला आधी विरजण माहीत असलेला माणूस समोर लागतो. तो आपल्याकडे घराघरात आहे.

मुंबई, प्लेग आणि राणीचा पुतळा

कलाभवनाचा वटवृक्ष व्हावा, त्यातून मोठं तंत्रविद्यापीठ निघावं असं गज्जरांना वाटत होतं. ते तसं झालं नाही. मतभेद वाढले आणि 1896 मध्ये ते बडोदा सोडून मुंबईला गेले. तिथे विल्सन कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं. आपल्यासारख्या ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात शिकणाऱ्यांना हे वाचून थोडं बरं वाटतं.

मुंबईत तेव्हा प्लेग सुरू होता. गज्जरांनी आयोडीनच्या एका संयुगाचं औषध प्लेगवर सुचवलं. पण लोकांच्या लक्षात राहिले ते एका वेगळ्याच कामासाठी. ऑक्टोबर 1896 मध्ये चापेकर बंधूंनी मुंबईच्या एस्प्लनेडवरच्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. संगमरवर सच्छिद्र असतो, डांबर आत मुरतं. घासलं तर दगड झिजतो आणि ॲसिड लावलं तर दगडच विरघळतो. इतरांना जे जमलं नाही ते 1898 मध्ये गज्जरांनी करून दाखवलं. पुतळा पुन्हा पांढरा झाला. आज तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

या प्रसंगाशी माझं मन थोडं अडतं. ज्याच वर्षी दामोदर चापेकर फासावर गेले, त्याच वर्षी एका हिंदी शास्त्रज्ञाने राणीचा डाग पुसून नाव मिळवलं. आपण कोणाच्या बाजूने उभं राहायचं? मला सोपं उत्तर सापडत नाही. एवढंच दिसतं की हिंदी माणसाला रसायन येतं, हे त्या काळच्या मुंबईला पटवून द्यावं लागत होतं, आणि ते या कामाने पटलं. गज्जरांनी पिवळे पडलेले मोती उजळवण्याची रीतही काढली आणि तीतून पैसा मिळवला. 1900 च्या सुमारास त्यांनी मुंबईत टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी उभारली. रसायनाचे वरच्या वर्गाचे विद्यार्थी तिथे येऊन हाताने काम शिकू लागले.

अलेंबिक

या शिष्यांमधले दोघं आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचे. एक कोटिभास्कर, मराठी. दुसरे भाईलालभाई अमीन, गुजराती. गुरू आणि शिष्यांनी मिळून आधी परळला छोटा कारखाना काढला, आणि मग 1907 मध्ये बडोद्यात अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीचा माल होता टिंक्चर आणि अल्कोहोल. अलेंबिक हा शब्द अरबी अल-अंबीकवरून आलेला. अर्क काढण्याचं लांब चोचीचं भांडं असा त्याचा अर्थ.

अल्कोहोलच का? कारण त्या काळचं औषध म्हणजे बहुतेक करून टिंक्चर. वनस्पतीतला किंवा रसायनातला गुण अल्कोहोलमध्ये उतरवायचा आणि बाटलीत भरायचा. आत्याच्या घरचं आयोडीनही त्याच जातीचं. ज्याच्याकडे अल्कोहोल नाही, त्याला औषधाचा कारखाना काढता येत नाही. परदेशी औषधांची सद्दी मोडायची तर सुरुवात इथूनच.

गुजरातेत अल्कोहोलचा जुना कच्चा माल म्हणजे मोहाची फुलं. सुकलेल्या फुलांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, तीही सुटी. ती फुलं आदिवासींच्या पोटाचाही आधार. मोह, ऊस, ताडी यांना एन्झाइमची गरज नाही, यीस्ट थेट कामाला लागतं. कंद आणि धान्यं यांना मात्र आधी किल्ली लागते. ती किल्ली आपापल्या देशातल्या स्वयंपाकघरात शोधणारी माणसं तेव्हा जगात होती. गज्जरांचे समकालीन जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने (1854–1922) यांनी साके बनवण्याच्या कोजी बुरशीतलं डायस्टेज वेगळं करून 1894 मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे ते पचनाचं औषध म्हणून जगभर विकलं गेलं. घरच्या रीतीतून कारखाना उभा करायचा, हे ताकामिनेंनी केलं ते बुरशीच्या बाबतीत. गज्जरांची धडपड याच जातीची होती. आणखी एक योगायोग सांगते. अलेंबिक निघाली त्याच 1907 मध्ये एडुआर्ड बुखनरना रसायनाचं नोबेल मिळालं. यीस्टच्या पेशी पूर्ण चिरडून काढलेल्या रसानेही साखरेचं अल्कोहोल होतं, म्हणजे किण्वनसुद्धा एन्झाइमच करतात, हे त्यांनी दाखवलं होतं.

अल्कोहोलबद्दल लिहिताना माझा हात जरा अडखळतो. आमच्या भागात दारूने बसलेली घरं मी पाहिली आहेत. गुजरातेत तर दारूबंदीच आहे. पण तोच पदार्थ जखमेवर लागतो, औषध विरघळवतो, कोविडमध्ये सगळ्यांच्या हातावर होता. एन्झाइम आणि यीस्ट आपलं काम करून मोकळी होतात. बाटलीचं पुढे काय करायचं हे माणसानेच ठरवायचं असतं.

मागे काय उरलं

गज्जर 1920 मध्ये गेले. सत्तावन्न वर्षांचं आयुष्य. त्यांच्या विद्यापीठाचं स्वप्न त्यांच्या डोळ्यांदेखत पुरं झालं नाही. 1949 मध्ये बडोद्याचं विद्यापीठ निघालं आणि कलाभवन त्याची तंत्रशाखा झालं. अलेंबिकने 1961 मध्ये पेनिसिलिनचा कारखाना सुरू केला. तेही किण्वनच, फक्त यीस्टच्या जागी पेनिसिलियम बुरशी.

आणि कंदांचा प्रश्न आज पुन्हा दारात उभा आहे. देशाच्या 2018 च्या जैवइंधन धोरणात इथेनॉलसाठी कसावा आणि खराब झालेल्या बटाट्यांचीही नावं आहेत. गुजरातेत डीसा हा बटाट्याचा मुलूख. भाव पडला की शेतकऱ्याला शीतगृहाचं भाडंही सुटत नाही. सडत चाललेल्या त्या बटाट्यात स्टार्च असतोच, किल्लीही आता महाग नाही. खाण्याजोगं अन्न इंधनासाठी वळवू नये, हे मला पटतं. जे फेकलंच जाणार आहे त्याचं काही करता येतं, हे त्या शेतकऱ्याच्या भाषेत त्याला सांगणारं माणूस मात्र लागेल. माहिती इंग्रजी अहवालांत आहे, म्हणजे कच्च्या पिठात.

गज्जर मराठी नव्हते आणि त्यांची पुस्तकं गुजरातीत निघाली. तरी मला ते आपल्या मंडळाचे वाटतात. आपण कविता लिहितो, कथास्पर्धा घेतो, ते हवंच. पण आपल्या कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर केमिस्ट्रीची आणि मायक्रोबायॉलॉजीची लॅब आहे, आणि तिथली किती तरी मुलं घरी मराठी बोलतात. त्यांच्यापैकी एकाने तरी पुढच्या अंकासाठी आपला प्रयोग मराठीत लिहून द्यावा. शब्द अडला तर इंग्रजी ठेवा, नाहीतर घरी आईला विचारा. व्याकरण आम्ही कलाशाखावाले बघून घेऊ.